माहीत नाही म्हणजे शून्य

बिनचूक सरांच्या चष्म्याची डावी काडी नाश्त्याच्या टेबलावर निखळली आणि थेट दुधाच्या पेल्यात पडली. स्क्रू कुठे गेला ते कोणालाच दिसलं नाही. सरांना तर दिसण्याचा प्रश्नच नव्हता. चष्मा नसला की समोर बायको उभी आहे की फ्रिज, एवढंच त्यांना जेमतेम ओळखता येई, आणि तेही बोलण्यावरून.

"आता दुसरा चष्मा काढा," बायको म्हणाली.

"दुसरा चष्मा नाही. दुसरा चष्मा ज्यांचं काही ना काही चुकतं, ती माणसं ठेवतात."

सरांचं काही चुकत नसे. म्हणून तर कॉलेजातली मुलं त्यांना 'बिनचूक' म्हणायची. मास्तरांना ठेवलेली नावं सहसा मास्तरांच्या कानावर जात नाहीत, पण हे नाव सरांच्या कानावर गेलं होतं आणि त्यांना ते मनापासून आवडलं होतं. दुसऱ्यांच्या पेपरांत परीक्षा चालू असताना शिपाई येऊन सांगून जायचा, की प्रश्न तिसरा, अधिकच्या जागी उणे वाचावे. गणिताच्या पेपराला शिपाई बिनघोर झोप काढायचा. सरांच्या नावावर आजवर एकही शुद्धिपत्रक निघालेलं नव्हतं, आणि निवृत्तीपर्यंत ते निघू नये एवढीच त्यांची इच्छा होती. लोक पगारवाढ मागतात, बंगला मागतात. सरांचं मागणं अगदीच साधं होतं.

लेकीनं काडी पेल्यातून काढली, पुसली आणि चष्मा खिडकीच्या उजेडात धरून उलटसुलट केला. ती त्याच कॉलेजात पहिल्या वर्षाला होती आणि गणित हा विषय सक्तीचा असल्यामुळे बापाच्या वर्गात बसत होती.

"बिजागरी झिजलीये," ती म्हणाली. "नुसता स्क्रू घालून भागायचं नाही. मी दुकानात देते, माझ्या वाटेवरच आहे. दोन दिवस लागतील."

"दोन दिवस? अगं, आज मला आदर्श उत्तरांवर सही करायचीय!"

"सही काय, डोळे मिटूनही करता येते," असं म्हणून ती चष्मा घेऊन निघूनही गेली.

"अहो," बायको म्हणाली, "कॉलेज सुटल्यावर ही रोज उशिरा येते. काय करते, कुठे जाते, विचारलंत कधी?"

"काय करणार? काही नाही," सर म्हणाले. फ्रिजकडे बघून म्हणाले, पण अगदी ठामपणे म्हणाले.

आता सरांच्या पेपराबद्दल थोडं सांगायला हवं. विकलन म्हणजे एखादी गोष्ट किती वेगानं बदलते ते काढणं, एवढं लक्षात ठेवलं तरी या गोष्टीपुरतं पुष्कळ झालं. त्यातही सरांचा जीव होता तो अज्ञात फलनावर. म्हणजे असं, की वाय ही राशी एक्सवर अवलंबून आहे, पण नक्की कशी ते कोणालाच ठाऊक नाही. आता वायच्या वर्गाचं विकलन करा. उत्तर येतं दोन वाय गुणिले वाय डॅश. तो शेवटचा वाय डॅश म्हणजे, 'वाय किती बदलतो हे अजून कळलेलं नाही, कळलं की इथे घालू.' पाठांतर करणाऱ्या मुलांचं इथे काही चालत नसे. "जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणून नीट लिहिता येणं, यालाच गणित म्हणतात," असं सर दरवर्षी पहिल्या तासाला सांगत. मुलं ते वहीत उतरवून घेत आणि पुढच्या तासाला विसरत.

यंदाच्या सहामाहीचा निम्मा पेपर अज्ञात फलनांचा होता. आणि यंदाच नवा नियम आला होता, की आदर्श उत्तरं हातानं लिहिलेली चालणार नाहीत, ती कॉलेजनं घेतलेल्या गणिताच्या सॉफ्टवेअरमधून छापून निघाली पाहिजेत. सरांनी चष्मा शाबूत असतानाच प्रश्न त्यात घातले होते, आलेली उत्तरं अक्षर न् अक्षर तपासली होती आणि कागद परीक्षा विभागात पाठवले होते. आज फक्त सही उरली होती. रस्ता ओळखीचा असल्यामुळे सर कॉलेजात पोचले. परीक्षा विभागाचे साहेब मूळचे भूगोलाचे होते, पण कॉम्प्युटरला न घाबरणारा एकमेव माणूस म्हणून त्यांच्याकडे हे खातं आलं होतं.

"या सर, बसा. नाही, ती कचऱ्याची पेटी आहे. खुर्ची इकडे. मला एक सांगा, आपण मशीनला विचारलं वायचं डेरिव्हेटिव्ह काय, तर हे म्हणतंय वाय डॅश. म्हणजे आपलाच प्रश्न शेपटी लावून आपल्याला परत?"

"बरोबर आहे. फलन अज्ञात आहे."

"अज्ञात असेल तर उत्तरात कशाला आणायचं? आदर्श उत्तर अंतिम असावं असं प्राचार्यबाईंचं परिपत्रक आहे. हे अंतिम वाटतं का तुम्हाला? हे तर 'बघू, कळवतो' झालं. असली उत्तरं आपल्या ऑफिसातून लोकांना द्यायची असतात. आपण घ्यायची नसतात."

सर समजावून सांगणार होते, पण फळ्याशिवाय त्यांना समजावता येत नसे, आणि या खोलीत फळा असलाच तर तो कुठल्या भिंतीवर आहे ते दिसत नव्हतं. तोवर साहेबांची बोटं चालायला लागली.

"थांबा, मी जरा साफसफाई करतो. हां... ह्याच्यातलं हे काढलं... इथलंही काढलं... अरे वा! बघा, शेपट्या गेल्या सगळ्या."

"उत्तरं तीच राहिली ना?"

"तीच हो. उलट किती सुटसुटीत झाली! छपाईचा कागदही वाचला."

साहेबांनी कागद पुढे ठेवला. सरांनी तो नाकाजवळ नेला. पांढऱ्यावर काळे ठिपके तरंगत होते. शेपट्या गेल्या म्हणजे मशीननं वाय डॅशच्या ऐवजी डीवाय बाय डीएक्स असं लिहिलं असेल, असा त्यांनी अंदाज केला. दोन्ही एकच, त्यात चूक नव्हती. 'मला दिसत नाहीये' एवढे शब्द त्या वेळी सर बोलले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण बिनचूक म्हणवणाऱ्या माणसानं भूगोलाच्या माणसासमोर असं म्हणायचं म्हणजे फारच झालं. सरांनी वरपासून खालपर्यंत वाचल्यासारखी मान फिरवली, मध्येच एकदा हुंकारही दिला आणि सही ठोकली. सहीसुद्धा टेबलावर गेली होती. साहेबांनी हात धरून पुन्हा कागदावर करून घेतली.

साहेबांनी काय काढलं होतं, तर वायच्या पुढचा कंस आणि त्यातला एक्स. तेवढ्यावरूनच मशीनला कळत होतं की वाय एक्सवर अवलंबून आहे.

दोन दिवसांनी चष्मा आला. सरांनी तो घातला, काढला, पुन्हा घातला. बिजागरी नव्यासारखी झाली होती, काडी ना सैल ना घट्ट.

"कोणी केलं हे?"

"दुकानातल्या एका मुलीनं," लेक म्हणाली.

"बघ! याला म्हणतात काम. त्या मुलीकडून काहीतरी शीक. नाहीतर तू."

"बरं," लेक म्हणाली आणि कोणतीही नाराजी न दाखवता खोलीत गेली.

परीक्षा झाली. पोटची मुलगी वर्गात असल्यामुळे पेपर तपासायला सरांना बंदी होती. ते काम गेलं दोन नव्या प्राध्यापकांकडे. हे दोघे सतत बरोबर हिंडत, म्हणून स्टाफरूममध्ये त्यांना जोडगोळी म्हणत. त्यांनी सीलबंद पाकीट फोडलं, आदर्श उत्तरं बाहेर काढली आणि बराच वेळ एकमेकांकडे बघत राहिले. वायच्या वर्गाचं विकलन, शून्य. साइन वायचं विकलन, शून्य. अख्ख्या विभागात शून्यावाचून दुसरा आकडा नव्हता.

"हे चुकलंय रे," पहिला म्हणाला.

"कोणाची सही आहे बघ."

"बिनचूक सरांची."

"मग कोण चुकतंय?"

"आपण," पहिला म्हणाला.

तिथून पुढे त्यांनी आपण का चुकतोय ते शोधायला सुरुवात केली. मशीन चुकलं असेल ही शक्यता लगेच बाद झाली, कारण सरांनी तपासलेलं होतं. सर चुकले असतील ही शक्यता चर्चेला आलीच नाही. कॉफीचे दोन कप पोटात गेल्यावर दुसऱ्याच्या डोक्यात उजेड पडला. "अरे, हा सापळा आहे! वाय एक्सवर अवलंबून आहे असं सर म्हणतात, पण कसा, हे सांगत नाहीत. कदाचित तो अवलंबून असूनही बदलत नसेल!" याचा अर्थ काय ते दोघांनाही कळलं नाही, पण सरांच्या प्रश्नाचा अर्थ आपल्याला पहिल्या झटक्यात कळणं हेच मुळात संशयास्पद, असं त्यांनी ठरवलं. मग निश्चिंत मनानं त्यांनी वर्गातल्या एकूण एक हुशार मुलांच्या उत्तरांवर लाल फुल्या मारल्या. फक्त एका पेपरात ओळीनं सगळी शून्यं होती. त्याला त्या विभागात पूर्ण मार्क मिळाले.

निकाल लागला तेव्हा सरांची लेक वर्गात पहिली होती.

बातमी फोनवरून घरी पोचली आणि सरांच्या बायकोनं जराही वेळ वाया घालवला नाही. आधी तिनं थोरल्या बहिणीला कळवलं, कारण त्या बहिणीचा मुलगा हुशार होता आणि हे ऐकवण्याची संधी पुन्हा मिळेलच असं नव्हतं. मग दोन्ही नणंदांना, मग खालच्या मजल्यावर, मग वरच्या. संध्याकाळी बेकरीतून मोठा केक आला. त्यावर क्रीमनं 'पहिली' असं लिहिलं होतं.

"आई, काहीतरी गडबड झालीये," लेक म्हणत होती. "मी निम्म्या पेपरात नुसतं शून्य लिहिलं होतं."

"हॅलो, ताई? हो, तीच बोलतेय. अगं, विनय किती बघ पोरीचा, म्हणते मी शून्य लिहिलं होतं!"

सर केक खात होते. लेक पहिली आल्याचं त्यांना आश्चर्य वाटलं होतं, पण बापाचं रक्त कधी ना कधी उसळणारच, असं म्हणून त्यांनी ते आश्चर्य केकबरोबर गिळून टाकलं. खरं सांगायचं तर त्यांना भरून आलं होतं. ती कॉलेजात आल्यापासून या मुलीबद्दल कोणी विचारलं की ते 'आहे तसंच' एवढंच म्हणायचे. आता स्टाफरूममध्ये काय म्हणायचं याची त्यांनी मनातल्या मनात तालीमही करून ठेवली.

ती तालीम वाया गेली. सकाळी स्टाफरूमच्या दारात शिपाई उभा होता. प्राचार्यबाईंनी तातडीनं बोलावलं होतं. त्यांच्या खोलीत साहेब होते, जोडगोळी होती आणि पहिल्या बाकावर बसणारी, आजवर कधी दुसरी न आलेली मुलगी डोळे पुशीत उभी होती. वर्गाच्या वतीनं तिचं म्हणणं एवढंच होतं, की आदर्श उत्तरं फुटली, आणि फुटली ती सरांच्या घरात.

बाईंनी उत्तरांचा कागद सरांपुढे सरकवला. सरांनी तो दुरुस्त केलेल्या चष्म्यातून पहिल्यांदाच वाचला. ओळीमागून ओळ नुसती शून्यं होती. खाली त्यांची सही होती, जराशी तिरकी.

"सर, दोनच शक्यता आहेत," प्राचार्यबाई म्हणाल्या. "उत्तरं बरोबर असतील, तर साऱ्या वर्गात ती एकट्या तुमच्याच मुलीला कशी माहीत, हे मला सांगावं लागेल. आणि उत्तरं चुकीची असतील, तर..." बाई थांबल्या. पुढचं वाक्य बिनचूक सरांसमोर बोलायला त्यांना जड जात होतं.

सरांना कोंडीत सापडणं म्हणजे काय ते त्या क्षणी कळलं. उत्तरं बरोबर म्हणावीत तर आपण लबाड. चूक म्हणावीत तर आपण बिनचूक नाही.

"आधी तिला बोलवा," ते कसेबसे म्हणाले.

लेक आली. खोलीतली सगळी तोंडं बघून तिनं हात मागे बांधले.

"उत्तर शून्य आहे, हे तुला कसं कळलं?" बाईंनी विचारलं.

"कळलं कुठे? कळलं नाही म्हणूनच शून्य लिहिलं."

"म्हणजे?"

"मला जे येत नाही तिथे मी शून्य लिहिते. कोरं सोडलं की बाबा चिडतात. दर परीक्षेत लिहिते. मागचे पेपर काढून बघा हवं तर."

मागच्या चाचण्यांचे पेपर निघाले. शून्यांची परंपरा जुनी होती. जोडगोळीतला एक जण पुटपुटला, "म्हणजे सापळा नव्हता?" आणि दुसऱ्यानं त्याला कोपरानं ढोसलं.

सर एकदम साहेबांकडे वळले. "कंस कोणी काढले?"

साहेब पंख्याकडे बघायला लागले. "साफसफाई मी केली, हे खरं आहे. पण सही करण्याआधी तुम्ही वाचलंत ना? चांगला हुंकार दिलात."

सरांना आता सगळा दोष मशीनवर, कंसावर, भूगोलावर ढकलता आला असता. प्राचार्यबाई तर त्यासाठी थांबल्याच होत्या. सरांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला.

"बाई, वाय एक्सवर अवलंबून आहे हे मशीनला सांगावं लागतं," ते म्हणाले. "सांगितलं नाही तर ते वायला दगड समजतं. दगड काही बदलत नाही. मग त्याचा वर्ग करा, नाहीतर आणखी काही करा, बदल शून्यच. माहीत नाही म्हणजे शून्य, असं मशीननं धरलं. माझ्या मुलीनंही तेच धरलं. दोघांनी एकच चूक केली, पण कॉपी न करता केली." एवढं बोलताना त्यांच्या आवाजात थोडा अभिमान डोकावून गेला. पुढच्या वाक्याला तो उरला नाही. "आणि मी कागद वाचलाच नव्हता. चष्मा मोडला होता. दिसत नाही म्हणायची लाज वाटली. मी चुकलो."

पहिल्या बाकावरच्या मुलीनं डोळे पुसायचे थांबवले, कारण असं काही तिनंही मागितलं नव्हतं. सरांना वाटलं होतं की हे शब्द उच्चारले की जमीन दुभंगेल. जमीन होती तिथेच होती. उलट मानेवरचं एक जुनं ओझं कोणीतरी उतरवून घेतल्यासारखं त्यांना वाटलं, आणि त्याचंच जास्त वाईट वाटलं.

दुपारी सूचनाफलकावर शुद्धिपत्रक लागलं. लावण्याआधी सरांनी ते साहेबांना मोठ्यानं वाचून दाखवलं. फलकापुढे एवढी गर्दी झाली की शिपायाची झोप मोडली. संध्याकाळपर्यंत पेपर पुन्हा तपासले गेले. पहिल्या बाकावरची मुलगी पहिली आली, आणि सरांची लेक नापास झाली.

घरी बायकोनं ज्यांना ज्यांना फोन केले होते त्या साऱ्यांना उलट क्रमानं पुन्हा फोन केले. थोरल्या बहिणीला शेवटी ठेवलं होतं. तो फोन बराच लांबला आणि त्यात बोलणं बहुतेक पलीकडूनच चाललं होतं. उरलेला केक टेबलावर होता. त्यावरची अक्षरं आदल्या दिवशीच खाऊन झाली होती, म्हणून तो तसाच वाढता आला.

"पुन्हा परीक्षा आहे," सर लेकीला म्हणाले. आवाज नेहमीसारखा चढला नाही. "मी शिकवतो. उद्यापासून रोज संध्याकाळी बस माझ्याजवळ."

"संध्याकाळी मला जमणार नाही, बाबा. जेवण झाल्यावर बसू."

"का? संध्याकाळी काय करतेस तू?"

"तिला काय विचारता?" फोन खाली ठेवत बायको म्हणाली. "तुम्हीच सांगा की. तुम्हाला तर ठाऊक होतं."

'काही नाही' हे उत्तर सरांच्या जिभेवर तयारच होतं. ते बाहेर पडणार एवढ्यात सर थांबले. त्यांनी समोर बघितलं. ही मुलगी इतकी उंच कधी झाली, केस कधी कापले, हातावरचा तो छोटा चरा कशाचा, यातलं त्यांना काहीच सांगता आलं नसतं.

"माहीत नाही," सर म्हणाले.

लेकीनं चमचा खाली ठेवला.

"ह्या उत्तराला पूर्ण मार्क," ती म्हणाली. "चष्म्याच्या दुकानात काम शिकते मी. बरेच महिने झाले. काचा घासते, काड्या बसवते. मला ते येतं, बाबा. तिथे शून्य लिहावं लागत नाही."

सरांचा हात आपोआप कानाजवळच्या बिजागरीवर गेला.

"म्हणजे दुकानातली ती मुलगी..."

"तीच. तेव्हा बिजागऱ्या नुकत्याच शिकत होते, म्हणून दोन दिवस लागले. आता दहा मिनिटांत करते."

दहा मिनिटं. सरांच्या डोक्यात एक भलंमोठं समीकरण भराभर सुटत गेलं, कंस, साहेब, शुद्धिपत्रक, केक आणि मोठ्या मेहुणीच्या फोनसकट. उत्तर तोंडावर आलं होतं. लेकीकडे बघून त्यांनी ते गिळलं.

"बाबा, एक विचारू?" लेक म्हणाली. "तुमच्यासाठी दुसरा एक चष्मा करून ठेवू का?"

बायकोनं केकचा तुकडा हातात तसाच धरला आणि नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

"ठेव करून," बिनचूक सर म्हणाले.